वस्तरा कोणाचा, डोके कोणाचे?

श्रामणेर शिबिराचे फोटो मोबाइलवर फिरू लागले, की एक प्रश्न हमखास येतो. चीवर घातलेली, डोके तुळतुळीत केलेली आपली मुले पाहून कोणीतरी टोमणा मारतो: "तुम्हीही शेवटी मुंडणच करता ना? मग आमच्या मुंडणाला कशाला नावे ठेवता?" आपल्यातलेच काही कार्यकर्ते या प्रश्नाने गोंधळतात. काही जण तर दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात, डोके भादरणे ही मुळातच ब्राह्मणी रूढी आहे, आपण तिच्या वाटेला जाऊच नये.

आमच्या मते दोन्ही बाजूंनी प्रश्न चुकीचा मांडला जातो. केस काढले की ठेवले, यावरून काहीच ठरत नाही. वस्तरा कोणाच्या हुकमाने चालला, कोणाच्या हाताने चालला आणि ज्याच्या डोक्यावर चालला त्याला नाही म्हणता येत होते का, हे विचारले पाहिजे. पुण्याचा इतिहास या तीन प्रश्नांनी तपासला, तर जातव्यवस्था आणि पितृसत्ता एकाच धोकटीत सापडतात.

पहिले डोके : जबरदस्तीने भादरलेले

पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत विसाव्या शतकातही लाल आलवण नेसलेल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेल्या सोवळ्या बायका दिसत. पदराखाली डोक्यावर केस नसत. नवरा मेला की ब्राह्मण बाईचे केशवपन होई. कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढले, एवढ्यावर भागत नसे.

याला आधार काय दिला जाई? विधवेची वेणी परलोकात नवऱ्याला बंधन ठरते, म्हणून तिने कायम मुंडण करावे, असे स्कंदपुराणाच्या काशीखंडात सांगितले आहे. म्हणजे मेलेल्या पुरुषाच्या सोयीसाठी जिवंत बाईचे केस जायचे. बायको मेली तर पुरुषाने काय करावे, याचे उत्तर सोपे होते. त्याने दुसरी करावी.

केशवपन एकदाच होत नाही, ही गोष्ट आपण विसरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. ते वाढले की न्हावी पुन्हा येणार. समजा, एखादी मुलगी बाराव्या वर्षी विधवा झाली आणि साठीपर्यंत जगली. महिन्यातून दोनदा धरले तरी अकराशेहून अधिक वेळा तिला परक्या पुरुषापुढे डोके वाकवून बसावे लागले. नंतर त्याच्या स्पर्शाचा विटाळ फेडायला आंघोळ करावी लागली, आणि घरच्या मंगल कार्यात तिने समोर यायचे नाही ते नाहीच. ही शिक्षा जन्मभर हप्त्याहप्त्याने भोगायची होती.

हे का केले जात होते, याचे सर्वांत नेमके उत्तर बाबासाहेबांनी दिले आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात त्यांनी मांडले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. त्यासाठी लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जातीत जुळलेली असावी लागते. नवरा मेला की स्त्री ‘शिल्लक’ राहते. ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या तरुण मुलींच्या वाट्याचा नवरा घेईल, ही जातीची भीती. मग उपाय दोन. तिला नवऱ्यासोबत जाळायचे किंवा जन्मभर विधवा ठेवून तिच्याकडे कोणी पाहणार नाही अशा अवस्थेत ढकलायचे. केशवपन हा या दुसऱ्या उपायाचा वस्तरा आहे. ज्यांना केशवपन ही ‘त्या काळची एक चाल’ वाटते, त्यांनी हा निबंध पुन्हा वाचावा. ती चाल नव्हती, जातीची गरज होती.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. विधवेच्या डोक्यावर न्हावी बसवून कोणाचे डोळे थंड होतात, असा त्यांचा रोख होता. त्या स्वतः मराठा घरातल्या, सत्यशोधक परंपरेतल्या. ब्राह्मण बाईवरचा अन्याय त्यांनी परका मानला नाही. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतल्या यमूचे केशवपन वाचून नंतर अनेक सुशिक्षित घरे हळहळली. पण हळहळ आणि विरोध यांत अंतर असते.

दुसरे डोके : ज्याला वस्तरा लागलाच नाही

याच महाराष्ट्रात, याच काळात, आपल्या माणसाच्या डोक्याला न्हावी हात लावत नव्हता. एकीच्या डोक्यावर वस्तरा जबरदस्तीने आणि दुसऱ्याला मागूनही नाही.

लहानग्या भीमरावाचे केस साताऱ्यात त्यांची बहीण घराच्या ओट्यावर बसवून कापत असे. सुभेदाराचे घर, वडील लष्करातून निवृत्त, हातात पैसे. तरी न्हावी नाही. म्हशी भादरणारा वस्तरा अस्पृश्याच्या डोक्याला लागला की बाटतो, असे हे शास्त्र. पेशव्यांच्या राजधानीत, म्हणजे पुण्यात, अस्पृश्याला कमरेला झाडू आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) लिहिले आहे. ज्याची थुंकी आणि पाऊलसुद्धा जमिनीला लागू द्यायचे नाही, त्याच्या डोक्याला हात कोण लावणार?

म्हणून २९ नोव्हेंबर १९४८ ची संविधान सभेतील चर्चा आम्हाला महत्त्वाची वाटते. दुकाने, हॉटेले, विहिरी यांत भेदभाव नको, या कलमावर ती चर्चा होती. ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद केला: येईल त्याला सेवा द्यायला मालक जिथे बसलेला आहे, ते दुकान. न्हाव्याचे दुकान त्यात आलेच. आज आपण ते कलम १५(२) म्हणून ओळखतो. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. ओट्यावर बहिणीकडून केस कापून घेणाऱ्या मुलाने मोठेपणी सलूनचे दार कायद्याने उघडले. आज कोणी आपल्या मुलाला खुर्चीवर बसवायला नकार दिला, तर गावच्या बैठकीत समजूत घालत बसू नये. हा कायदा हातात घेऊन पोलीस ठाण्यात जावे.

तिसरा : वस्तरा धरणारा

इथे आपल्या तरुणांनी एक चूक टाळायला हवी. विधवेचे डोके न्हाव्याने भादरले आणि आपल्या डोक्याला हात न्हाव्याने लावला नाही, म्हणून दोष नाभिक समाजाच्या माथी मारायचा, हा फार सोपा हिशेब झाला.

न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची हजामत करायची, लग्नात मशाल धरायची, पाहुण्यांचे पाय चेपायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य मागायला उभे राहायचे. त्याने महाराचे केस कापले असते, तर दुसऱ्या दिवशी गावाने त्याचे बलुते बंद केले असते. ब्राह्मणाच्या घरी विधवेचे डोके करायला नाही म्हटले असते, तरी तेच. वस्तरा त्याच्या हातात होता. हुकूम दुसऱ्याचा होता. आणि ज्यांची डोकी तो स्वच्छ करी, ते त्याच्या स्पर्शानंतर आंघोळ करून ‘शुद्ध’ होत. आजही ‘बिनपाण्याने हजामत’ हा शब्दप्रयोग आणि ‘हजाम’ ही शिवी आपल्याही तोंडात असते. ती बंद झाली पाहिजे.

हा हुकूम आणि हात यांतला फरक ज्योतिराव फुले यांनी ओळखला. १८६३ च्या सुमारास पुण्यात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने जन्मलेले मूल लोकलाजेने मारले आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली. जिने फसवले गेल्याची शिक्षा भोगली ती समुद्रापार, फसवणारा पुण्यातच. त्यानंतर ज्योतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे की न्यावे हे त्यांनी ठरवावे. १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना ज्योतिरावांनी लिहिले, की तोवर ३५ गरोदर विधवा या घरात येऊन गेल्या. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई गेल्या.

त्याच अभिप्रायात ज्योतिरावांनी सरकारपुढे आणखी एक मागणी ठेवली: ब्राह्मण विधवांचे डोके भादरण्याची न्हाव्यांना परवानगीच देऊ नये. बाकीचे सुधारक शास्त्रात केशवपनाला आधार आहे की नाही यावर वाद घालत होते. ज्योतिराव पोथीत आधार शोधत बसले नाहीत. ज्या हाताशिवाय ही रूढी एक दिवस चालू शकत नाही, त्या हाताकडे त्यांनी बोट दाखवले.

आणि १८९० साली मुंबईत तो हात खरोखर थांबवण्याचा प्रयत्न झाला. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक, १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना चालवणारे नेते. त्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांचे केशवपन करायचे नाही, असा निर्धार झाला. त्याच वर्षी लोखंड्यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, यात आम्हाला योगायोग वाटत नाही. काम थांबवले की मालकाचा कारखाना थांबतो, हे ज्याला कळले होते, त्यालाच कळू शकत होते की वस्तरा थांबला की धर्माचा कारखानाही थांबतो. शिवाय मुंबईच्या न्हाव्याची मजुरी रोख होती. खळ्यावरच्या धान्यासाठी गावापुढे हात पसरणाऱ्या बलुतेदारापेक्षा त्याचा कणा थोडा मोकळा होता. बाबासाहेब ‘शहराकडे चला’ का म्हणत, याचे एक उत्तर इथेही आहे.

केशवपन १८९० मध्ये संपले का? नाही. ती रूढी त्यानंतर कित्येक दशके चालली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले, १८९३ मध्ये त्या सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, पुढे हिंगण्याचा आश्रम उभा राहिला. विधवा शिकल्या, कमावत्या झाल्या, तेव्हा रूढी झिजली. आम्ही हे काम नाकारत नाही. पण पाठ्यपुस्तकांत केशवपन म्हटले की फक्त उच्चवर्णीय सुधारकांची नावे येतात, न्हाव्यांची सभा येत नाही. आपल्या स्वार्थाचा काहीही संबंध नसताना, उलट रोजगार बुडत असताना, एका शूद्र जातीने ब्राह्मण स्त्रीच्या बाजूने उभे राहायचे ठरवले. ही बहुजन स्त्रीमुक्तीची परंपरा आहे. ती नाभिक समाजाच्या मुलांना आपणच सांगितली पाहिजे.

चौथे डोके : स्वतःहून उतरवलेले केस

आता सुरुवातीच्या टोमण्याकडे येऊ. भिक्खूचे मुंडण आणि हे मुंडण यांत फरक काय?

महाप्रजापती गौतमींची गोष्ट आठवा. शुद्धोदनाचे निधन झाले होते. म्हणजे त्या विधवा होत्या. त्यांनी संघात प्रवेश मागितला, तो मिळाला नाही. तेव्हा त्यांनी स्वतः केस कापले, काषाय वस्त्रे नेसली आणि शाक्य स्त्रियांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेल्या. शेवटी भिक्खुणी संघ झाला. पुण्याच्या वाड्यातली विधवा आणि गौतमी, दोघींच्याही डोक्यावर केस नाहीत. एकीचे केस तिला घरात कोंडण्यासाठी काढले. दुसरीने घर सोडून ज्ञान मिळवण्यासाठी स्वतः उतरवले.

दुसरी गोष्ट उपालीची. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, देवदत्त अशा शाक्य कुमारांबरोबर त्यांचा न्हावी उपालीही निघाला. कुमारांनी दागिने काढून त्याला दिले आणि परत जायला सांगितले. त्याने ते झाडाला टांगले आणि मागे फिरून त्यांना गाठले. तेव्हा कुमारांनीच बुद्धांना विनंती केली: आम्हा शाक्यांना फार गर्व आहे, आधी उपालीला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल. तसेच झाले. ज्याने आयुष्यभर राजपुत्रांची डोकी केली, त्याच्यापुढे राजपुत्रांची मुंडण केलेली डोकी झुकली. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दीनदुबळ्यांच्या धम्मदीक्षेचे प्रकरण बाबासाहेबांनी उपालीपासून सुरू केले आहे, ते उगीच नाही.

भिक्खूचा वस्तरा हा त्याच्या आठ परिष्कारांपैकी एक आहे. भिक्षापात्र, सुई, पाणी गाळायचे फडके, तसाच वस्तरा. तो त्याचा स्वतःचा असतो. केस दोन बोटांपेक्षा वाढू द्यायचे नाहीत, एवढा साधा नियम. त्यात मुहूर्त नाही, दक्षिणा नाही, मेलेल्याला पोहोचवायचे काही नाही. शेंडीही नाही, म्हणजे वर्ण सांगणारी खूण नाही. केस उतरवताना केस, लोम, नखे, दात, त्वचा यांचे चिंतन शिकवतात: ज्याचा मी एवढा अभिमान धरतो ते शरीर कशाचे बनले आहे, हे पाहायला. आणि ज्याला परत जायचे, तो चीवर ठेवून केस वाढवून घरी जातो. त्याला कोणी अडवत नाही.

म्हणूनच ब्राह्मणी व्यवस्थेला हे मुंडण खुपत होते. श्रावस्तीत अग्निक भारद्वाजाने बुद्धांना दारातच थांबवून ‘मुंडक’ आणि ‘वसलक’ म्हणून हिणवले, म्हणजे बोडक्या आणि नीच. बुद्धांनी उत्तर दिले, ते वसलसुत्त: जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो. ज्यांना आपली मुंडण केलेली मुले पाहून टोमणा सुचतो, त्यांचा पूर्वज हा भारद्वाज आहे.

शिबिराला जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हापासून पुणे परिसराची धम्माशी वेगळी जवळीक आहे. शिबिरेही इथे नेहमी होतात. आयोजकांना आणि मुलांना आम्ही एवढेच सांगतो.

एक डोके, एक पाते. रांगेत पन्नास मुले बसवून एकच पाते फिरवू नये. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे आजार रक्तातून पसरतात आणि वस्तऱ्याचा ओरखडा त्याला पुरतो. बदलता येणारे पाते वापरा, प्रत्येकाचे पाते त्याच्यासमोर फोडा, टॉवेलही वेगळा ठेवा.

आधी मशीनने केस बारीक करा. मग कोमट पाण्याने डोके नीट भिजवून साबण लावा आणि केसांच्या दिशेने हलक्या हाताने पाते चालवा. भोवरा आणि मानेची घडी इथे घाई नको. नंतर गार पाणी, ओरखड्यावर तुरटी आणि कोरडे झाल्यावर खोबरेल तेलाचा हलका हात. डोक्यात पुळ्या किंवा सोरायसिस असेल, मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आयुष्यात प्रथमच उघडी पडलेली टाळूची त्वचा उन्हाने लगेच भाजते. एप्रिल-मे महिन्यांत चारिका सकाळी लवकर काढा. आणि मुंडणाने केस दाट येतात, म्हणून जावळ काढायला धावू नका. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते; वस्तरा फक्त वरचा भाग कापतो.

आणि आपले घर?

हा सगळा इतिहास सांगून आपण वाड्यातल्या ब्राह्मणांना नावे ठेवून मोकळे झालो, तर काही साधले नाही. बावीस प्रतिज्ञांनी आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. तरी वडील गेले की दहाव्याला मुलाला न्हाव्यापुढे बसवणारी घरे आपल्या वस्त्यांत आहेत. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण. आई विधवा झाली की तिच्या बांगड्या फोडायला शेजारच्या बायका पुढे होतात आणि बुद्धाचा फोटो भिंतीवरून हे सगळे पाहतो. केस राहिले म्हणून केशवपन संपले, असे समजू नका. बाईला नवऱ्याच्या मरणाची खूण अंगावर वागवायला लावणे, हेच केशवपन.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. एक गाव ठराव करू शकते, तर आपल्या विहाराची समिती का करू शकत नाही? ठराव चार ओळींचा पुरे: आमच्या वस्तीत कोणाच्याही मृत्यूनंतर कोणाचेही सक्तीने मुंडण होणार नाही, कोणाही स्त्रीच्या बांगड्या फोडल्या जाणार नाहीत, टिकली पुसली जाणार नाही, ती पुढच्या प्रत्येक मंगल कार्यात पहिल्या रांगेत बसेल, आणि तिला पुन्हा लग्न करायचे असेल तर समिती तिच्या पाठीशी उभी राहील. खाली अध्यक्षांची सही आणि उपासिकांच्या सह्या. येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर हा ठराव वाचून दाखवायला दहा मिनिटे लागतील.

१८९० साली हातावर पोट असलेल्या न्हाव्यांनी पोटाचा विचार बाजूला ठेवून वस्तरा खाली ठेवायचे ठरवले होते. आपल्याला तर फक्त शेजारणीचा बांगड्यांपर्यंत आलेला हात धरायचा आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.